दारोदारची शिकवणी

सकाळी ६.४०
कोथरूडमधल्या एका सोसायटीचं मागचं फाटक. कचरावेचक मावशी आणि त्यांची जाऊ ढकलगाडी आत घेतात. गाडीवर चार बकेटा, कडेला अडकवलेली पोती, एक लोखंडी आकडा. हातमोजे नवे, चाळीस रुपयांचे, मावशींनीच घेतलेले. दोघींकडे मिळून अडीचशेच्या वर घरं. दोघी 'स्वच्छ'च्या सदस्य. ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था; पुणे महापालिकेशी तिचा करार २००८ मध्ये झाला. पगार नाही. घरटी महिन्याला ठरलेली फी, आणि भंगार विकून येईल ते.

७.०५
लिफ्टने सातव्या मजल्यावर. तिथून जिन्याने खाली उतरायचं, दार दार घेत. मावशी प्रत्येक बकेटचं झाकण उचलून आत बघतातच. "ताई, ओल्यात चमचा गेलाय तुमचा." आतून हसण्याचा आवाज, चमचा परत.

पाचव्या मजल्यावर नवा भाडेकरू. एकच काळी पिशवी, गच्च गाठ मारलेली. मावशी ती घेऊन पुढे जात नाहीत. जिन्यातच जुना पेपर पसरतात, पिशवी उपडी करतात. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, उरलेला भात, त्यात चिंब झालेलं पिझ्झाचं खोकं. मुलगा दोन पावलं मागे सरकतो.

"हे कोरडं असतं तर पुठ्ठ्यात गेलं असतं. आता फुकट बी कुणी घेत नाही. आन् हे समदं मी हातानं निवडायचं."

मुलगा आत जातो, रंगाचा रिकामा डबा घेऊन येतो. "हा सुक्याला चालेल?"

"पळंल की. उद्या बघते मी."

८.१५
दुसऱ्या मजल्यावर पेपरात गुंडाळलेली पुडी, वर लाल स्केचपेनचा ठिपका. ती वेगळ्या पिशवीत जाते. आत सॅनिटरी नॅपकिन किंवा डायपर, हे आता न उघडता कळतं. पूर्वी कळायचं नाही. कोरडा कागद समजून हात घातला की हात भरायचा. २०१३ च्या महिलादिनी पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी वापरलेले नॅपकिन थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिले होते. नॅपकिनबरोबर गुंडाळायला पिशवी कंपन्यांनीच द्यावी, असं २०१६ च्या घनकचरा नियमांत आलं. या जिन्यात मात्र अजून लाल पेनच कामाला येतं. हा लाल ठिपका दारोदार समजावला कोणी? याच बायकांनी. मला हे फार मोलाचं वाटतं.

९.५०
टपरीवर चहा, दहा रुपये. मावशींच्या सासूबाई कचराकुंडीत उतरून भंगार वेचायच्या. कुत्री, काचा, पोलिसांचा संशय. १९९० च्या सुमाराला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणातल्या कार्यकर्त्या या बायकांना अक्षरं शिकवायला वस्तीत आल्या. बायकांबरोबर कुंडीपर्यंत गेल्या, तेव्हा त्यांनाच शिकायला मिळालं. माल दारातच सुका मिळाला तर कमाई वाढते, तास वाचतात. मग ओळखपत्राची मागणी आली, आणि १९९३ मध्ये कामगार नेते बाबा आढावांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. सासूबाईंचं ओळखपत्र अजून घरात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत.

११.१०
ओला कचरा महापालिकेच्या गाडीत. बकेट खांद्यापर्यंत उचलायची, तोल सांभाळत उपडी करायची. गाडी दहा मिनिटं उशिरा आलेली. त्या दहा मिनिटांत जाऊबाई बकेटा विसळून ठेवतात.

१२.००
सोसायटीने पार्किंगमध्ये दिलेला कोपरा. दोघी मांडी घालून बसतात. पुठ्ठा एकीकडे, पांढरा कागद वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या बाटल्या, कडक प्लास्टिक, पत्रा, काच. बाटलीचं झाकण काढून वेगळं, कारण प्लास्टिक वेगळं आणि भावही वेगळा. मावशी एक डबा बोटाने दाबतात, कानाजवळ नेतात, आवाज ऐकून ढिगात टाकतात. मी एक डबा उचलून तसंच करून बघतो. काही कळत नाही. "चार महिनं लागत्यात," जाऊबाई म्हणतात. चिप्सच्या पाकिटांचा ढीग सगळ्यात मोठा, आणि भंगारवाला त्याला हात लावत नाही.

दुपारी २.४०
भंगाराचं दुकान. पुठ्ठ्याचा भाव दिवाळीपासून उतरलेला. काटा मावशी स्वतः वाचतात, वजन मोठ्याने म्हणतात, मग दुकानदार लिहितो. दोघींचे मिळून तीनशे वीस. वडापावचे तीस गेले.

४.३०
वस्तीतलं समाजमंदिर, पंचायतीची बैठक. पंचवीसेक बायका, एक तरुण कार्यकर्ती, वही. अजेंडा एकच: जिथे मिश्र कचरा येतो तिथे काय करायचं. कार्यकर्ती छापील पत्रक दाखवते. मागून एक म्हातारी बोलते, "पत्रक बी आमच्याच पोत्यात येतं."

कार्यकर्ती पत्रक बाजूला ठेवते. "मग काय चालतं, सांगा."

मावशी सकाळचा पाचवा मजला सांगतात. दुसरी सांगते, तिने सेक्रेटरींनाच निवडायच्या जागी उभं केलं, निम्मी इमारत सुधारली. तिसरीचं उलट झालं. पिशवी उघडली म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार गेली. त्यावर बराच वेळ जातो. शेवटी ठरतं, की पहिल्यांदा पिशवी उघडायची ती घरच्यांना विचारून, आणि अवघड इमारतीत एकटीने जायचं नाही. कार्यकर्ती तसंच वहीत उतरवते, वाचून दाखवते. दोन शब्द बायका बदलायला लावतात.

तिसरीची इमारत गुरुवारी. कार्यकर्ती आणि मावशी दोघी तिच्याबरोबर जाणार. मावशी म्हणतात, सातच्या आत पोचू, आठनंतर कामावरची माणसं निघून जातात. जुने पेपर कोण आणणार, यावर चर्चा सुरू होते.