माळशेजचा चढ अन् दोन सेकंदांची जादू

पावसाळी रविवार, माळशेज घाट. कल्याणकडून जुन्नरकडे गाड्यांची रांग, काचेवर धबधब्याचे तुषार. पुढच्याने मारला ब्रेक, मागचा डिकीला चिकटलेला. टेन्शन? गाडीत हिल स्टार्ट असिस्ट असेल तर अजिबात नाही!

माहीत आहे का, १० टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला १० मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, एक टनाची गाडी किती जोराने मागे ओढली जाते? जवळपास १०० किलोंच्या वजनाइतक्या! ब्रेक सुटून एक सेकंद झाला की अर्धा मीटर मागे, दोन सेकंदांत तब्बल दोन मीटर. मागच्याच्या नंबरप्लेटशी पप्पी पक्की!

इथे एन्ट्री सेन्सरची. गाडी किती तिरकी उभी आहे ते तो बरोबर ओळखतो. तुम्ही ब्रेकवरून पाय काढला तरी एबीएस-ईएसपीच्या युनिटमधले व्हॉल्व्ह ब्रेक ऑइलचा दाब सोडत नाहीत. साधारण दोन-तीन सेकंद. तेवढ्यात इंजिनाने जोर धरला की दाब सुटतो, गाडी सुर्रकन पुढे. हाफ क्लचची कसरत बंद, हँडब्रेकला सुट्टी!

लेटेस्ट फॅड वाटतंय? अहो, १९३६ मध्येच अमेरिकेच्या स्टुडबेकर कार कंपनीने ‘हिल होल्डर’ आणला होता. ना चिप, ना सेन्सर. चढावर एक गोळी घरंगळून ब्रेक ऑइलची वाट अडवायची, क्लच सोडला की वाट मोकळी. झक्कास!

आपलं देशी व्हर्जन? क्लीनरची उडी आणि चाकामागे दगड. बॅटरी लागत नाही.

जुन्नर-आंबेगावला चढाचं वेड तसं जुनंच. इथल्या बैलगाडा शर्यतीची धावपट्टीही चढाची आणि तिचं नाव काय? घाट! निकाल सेकंदांवर. बारी (गाड्याची पाळी) सुटली की बैल थेट वर, रिव्हर्स गिअरचा विषयच नाही.

आणि चढाचा वर्ल्ड रेकॉर्ड? न्यूझीलंडमधल्या डुनेडिनच्या बाल्डविन स्ट्रीटचा, चढ जवळपास ३५ टक्के! २०१९ मध्ये वेल्समधल्या हार्लेकच्या एका गल्लीने किताब पळवला, २०२० मध्ये बाल्डविनने परत खेचून आणला.

बोनस टिप: गाडीचं तोंड उताराकडे असताना रिव्हर्स टाकलात तरी बहुतेक गाड्यांत ही सोय चालते. मंचर-घोडेगाव-डिंभे करत भीमाशंकरला जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी. फक्त चढावर गाडी या सोयीच्या भरवशावर सोडून भजी घ्यायला उतरू नका. तीन सेकंदांत प्लेटसुद्धा हातात येत नाही!