बाजारपेठेंतील फुलझाडें आणि त्यांच्या पाण्याचा खर्च

डहाणूचें नांव निघालें कीं लोकांस चिकू आठवतो. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तें योग्यच झालें. परंतु डहाणू रोड स्टेशनांतून बाहेर पडणाऱ्या उतारूस, अथवा महामार्गावर तलासरीस उतरणाऱ्यास, आपण बागायतदारांच्या मुलखांत आलों हें पेठेकडे पाहून कळत नाहीं. पेठेंत फुलझाडें असावींत अशी इच्छा पुष्कळ गृहस्थ बोलून दाखवितात. ती पुरी कशी करावी याचा विचार आमच्या वाचकांनीं करावा असें आम्हांस वाटतें. कारण रोपास काय लागतें हें ज्ञान पेठेंत नाहीं, शेतांत आहे.

या कामांतलें मूळ दुखणें एकच आहे. झाडें लावण्यास पैसा मिळतो, राखण्यास मिळत नाहीं. आषाढांत समारंभ होतो, कुंड्या मांडल्या जातात, आणि फाल्गुनांत त्याच कुंड्यांत वाळक्या काड्या व पानाच्या पिचकाऱ्या दिसतात. आपल्याकडे पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो; बाकीचे आठ महिने रोप माणसाच्या हातच्या पाण्यावर जगतें. १०० मोठ्या कुंड्या धरा. मार्च ते मे या ९२ दिवसांत कुंडीस रोज ५ लिटर, व ऑक्टोबर ते फेब्रुवारी या १५१ दिवसांत त्याच्या निम्मे धरलें, तर एका हंगामास सुमारें ८४ हजार लिटर पाणी होतें. शिवाय तें घालणाऱ्या माणसाचे रोजचे दोन तास. हा हिशेब कुंड्या विकत घेण्यापूर्वीं मांडला पाहिजे, आणि जेवढ्या पाण्याची व मजुरीची तजवीज झाली असेल तेवढ्याच कुंड्या मांडल्या पाहिजेत. चाळीस जगलेल्या कुंड्या शंभर मेलेल्यांहून शोभतात.

पाणी कोणतें वापरावें, हा प्रश्न आम्ही अधिक महत्त्वाचा समजतों. याच तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत बायका हंडे घेऊन लांबवर जातात. त्या दिवसांत पिण्याचें पाणी पेठेंतल्या फुलांस घालणें आम्हांस तरी पटत नाहीं. उपाहारगृहांत तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी रोज वाहून जातें. तें पिंपांत सांठवून कुंड्यांस घालावें. मासळी धुतलेलें खारें पाणी मात्र चुकूनहि घालूं नये. किनाऱ्याजवळच्या कांहीं विहिरी उन्हाळ्यांत मचूळ होतात, तेंहि पाणी आधीं चाखून पाहावें.

कुंडीपेक्षां जमिनींत लावलेलें झाड बरें, कारण एकदां मूळ खोल गेलें म्हणजे त्याची मागणी कमी होते. पांढरा चाफा, बोगनवेल, तगर, कण्हेर हीं उन्हास दाद देत नाहींत. कण्हेरीस जनावर तोंड लावीत नाहीं हा तिचा गुण; परंतु ती विषारी असल्यामुळें शाळेच्या कुंपणाशीं लावूं नये. जास्वंद सुंदर खरी, पण मोकाट शेळ्या तिला ठेवणार नाहींत. कुंडींत सदाफुली व अबोली पुरेत.

आतां पैशाचें. १९७५ च्या नागरी क्षेत्रांतील झाडांविषयींच्या कायद्याप्रमाणें वृक्ष प्राधिकरण असतें, वृक्ष-उपकर बसवितां येतो, आणि वर्षांतून एकदां फुलांफळांचें प्रदर्शन भरविणें हेंहि त्या प्राधिकरणाच्या कर्तव्यांत आहे. हा पैसा झाडांसाठीं आहे. बहावा व चाफा त्यांतून लावावा, कुंड्यांसाठीं त्याकडे पाहूं नये. मुंबई-पुण्यास चौकांतली बाग एखाद्या पेढीकडे सोंपवून तिच्या नांवाची पाटी लावूं देतात. रीत चांगली, पण झाडें वाळतात व पाटी तेवढी टवटवीत राहते. यास्तव दर तीन महिन्यांनीं पाहणी व्हावी आणि झाडें मेल्यास पाटी उतरविली जावी, असें करारांतच लिहून घ्यावें. फ्रान्समध्यें १९५९ पासून फुलांनीं नटलेल्या गांवांची स्पर्धा चालते. अशा स्पर्धेनें हुरूप येतो, परंतु बक्षिसाच्या भरंवशावर माळ्याचा पगार ठरवितां येत नाहीं.

आम्हांस अनुकरणीय वाटतें तें पुण्याचें एंप्रेस गार्डन. १८३० सालीं स्थापन झालेली शेतकी व बागाईची संस्था तें चालविते. प्रवेश-फी, रोपांची विक्री व जानेवारींतलें पुष्पप्रदर्शन यांमुळें बागेस स्वतःचें उत्पन्न आहे. डहाणूस एवढा व्याप नको. दुकानदारांनीं आपापल्या दारापुढील कुंड्यांची मासिक वर्गणी द्यावी, ती प्रथम पाणी घालणाऱ्याच्या मजुरीकडे लावावी, व शिल्लक उरेल तीच रोपांकडे. हें काम पाड्यावरील एखाद्या स्त्रीस बारमाही मिळालें, तर पाऊस सरल्यावर मजुरीसाठीं घर सोडून जाण्याची तिची पाळी टळेल.

रोपें शेतकऱ्यांनीं पुरवावींत. विक्रमगड-जव्हारकडील मोगरा व वसईचा सोनचाफा मुंबईस जातो. आपल्या पेठेंत फुलांचें गिऱ्हाईक असूं शकतें असें आपणांस वाटलेंच नाहीं. दसरा-दिवाळीचा झेंडू संपल्यावर भाव पडतो, म्हणून पुढची लागवड कोणी करीत नाहीं. ऑक्टोबरांत बी टाकून महिन्याभरानें रोपें कुंड्यांत लावलीं, तर जानेवारींत पेठ पिवळी होईल. दर्जेदार बियाण्याविषयीं कोसबाडच्या कृषि विज्ञान केंद्रांत चौकशी करावी. रोपांचा भाव वर्गणी गोळा करण्यापूर्वींच ठरवून घ्यावा, आणि मेलेल्या रोपांची भरपाई कोणी करावयाची हेंहि त्याच वेळीं लिहून ठेवावें.