पट्टी नसलेला कर्णधार

सामन्याआधी पोटात गोळा येतो, तळहात घामेजतात. हा भित्रेपणा नव्हे. शरीर तयारीला लागलेले असते. काळजीखोर स्वभावाच्या मुलांना ते अधिक जाणवते, एवढेच. अशा मुलाला पुढारीपण जमणार नाही, हे आपणच परस्पर ठरवतो. पण कबड्डीत पकड सुटल्यावर साथीदाराला ‘असू दे’ म्हणणारा पुष्कळदा असाच एखादा अबोल मुलगा असतो. पालवणकर बाळूंना जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद नाकारले गेले, तरी संघ त्यांच्याच गोलंदाजीवर विसंबायचा. (१९२३ साली धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले.)

अशा मुलावर इतरांच्या काळजीचेही ओझे येते. त्याला श्वास सावकाश सोडायला शिकवा. आनापान करणाऱ्या घरांना श्वासाकडे लक्ष देणे नवे नाही. झोप, भूक उडाली, सराव टाळू लागला, तर मात्र रागावू नका, डॉक्टरांना दाखवा.