डोळे भरण्याचा दुपाती चाकू

संत्र्याचा डोळा लागला नाहीं म्हणजे बोल जंबेरीच्या खुंटास लावितात. दोष पुष्कळदां चाकूचा असतो. बोथट पात्यानें सालीखालील कोंवळा थर चुरडला कीं डोळा सुकतो व हंगाम फुकट जातो. यास्तव दुपाती चाकू घ्यावा, असें आम्ही सुचवितों: मोठें पातें फुटवे छाटण्यास, लहान केवळ डोळा काढण्यास.

घेतांना दोन्ही पातीं उघडून पाहावीं. उघडें पातें खिळ्यावर डुलतां कामा नये. मिटल्यावर टोंक मुठींत पूर्ण बुडावें. पातें केवळ कमानीच्या जोरावर उघडें राहतें, म्हणून कमान घट्ट असावी. तरी पाठीकडून दाब देऊं नये, तें मिटून बोटें कापतात. लहान पात्यास एकाच अंगानें धार असल्यास काप सपाट निघतो. डावखुऱ्यानें उलट अंगाच्या धारेचें घ्यावें.

साध्या पोलादास धार लवकर चढते, परंतु आंबट रसानें तें गंजतें. काम संपतांच पुसून तेलाचा थेंब द्यावा. रोगट झाडास लागलेलें पातें स्पिरिटानें पुसल्यावांचून दुसऱ्यास लावूं नये. आणि लहान पात्यानें सुतळी कधींहि कापूं नये, इतकी आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे.