पोटात गोळा का येतो?

वार्षिक परीक्षेच्या पहिल्या दिवशी किंवा क्रॉस-कंट्रीच्या सकाळी हाऊसच्या संडासासमोरची रांग नेहमीपेक्षा लांब असते. त्या रांगेतल्या मुलांना आपण हसतो, 'घाबरला रे!' म्हणून चिडवतो. पण भीतीने पोट बिघडणे हे नाटक नव्हे. 'पोटात गोळा आला' हा आपला वाक्प्रचार शास्त्राच्या बराच जवळ जाणारा आहे.

मनाचा पोटावर होणारा परिणाम डोळ्यांनी पाहण्याची संधी एका लष्करी डॉक्टरला मिळाली होती. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात अगदी जवळून चुकून गोळी लागली. विल्यम ब्यूमाँट या सेनेतल्या सर्जनने त्याला वाचवले. पण जखम भरली तरी जठरापर्यंत जाणारे भोक तसेच राहिले. ब्यूमाँटने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून ते त्या भोकातून आत सोडले आणि पचन कसे होते ते पाहिले. राग किंवा मनाचा तीव्र क्षोभ झाला की जठराचे अस्तर कधी कधी लाल व कोरडे पडते, असेही त्याने नोंदवले. त्याचे पुस्तक १८३३ साली प्रसिद्ध झाले.

असे का होते? संकट दिसले की आपली अनुकंपी चेतासंस्था शरीराला 'स्टँड टू'चा आदेश देते. ॲड्रेनलिन वाढते, हृदय जोरात धडधडते आणि पोटाकडचे रक्त स्नायूंकडे वळते. लढायचे किंवा पळायचे असताना जेवण पचवण्याची घाई नसते. जठर मंदावते, म्हणून मळमळते आणि नाश्ता जात नाही. त्याच वेळी मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते, म्हणून संडासला पळावे लागते. पचनमार्गाच्या भिंतीत १० कोटींहून जास्त चेतापेशी आहेत आणि त्यांचा मेंदूशी सतत निरोपांचा व्यवहार चालू असतो. शत्रू समोर आहे की गणिताचा पेपर, हा फरक पोटाला कळत नाही.

ताण काही वेळाने उतरतो. रोजच्या सवयी मात्र रोज त्रास देतात. आपल्या दिनक्रमातल्या चार पाहू.

पहिली, मेसमध्ये पाच मिनिटांत ताट रिकामे करणे. घाईत घास नीट चावला जात नाही आणि अन्नाबरोबर हवाही गिळली जाते. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला सुमारे २० मिनिटे लागतात, तोवर आपण जास्त खाऊन बसतो.

दुसरी, फॉल-इनला उशीर होईल म्हणून संडासची भावना दाबणे. नाश्त्यानंतर मोठे आतडे आपोआप हलू लागते, ती वेळ चुकवली की मळ आतच राहतो. आतडे त्यातले पाणी शोषत राहते, मळ कडक होतो आणि बद्धकोष्ठता सुरू होते. दहा मिनिटे लवकर उठणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

तिसरी, दिवे गेल्यावर ट्रंकेतला चिवडा आणि नूडल्स खाऊन लगेच आडवे होणे. आडवे झाल्यावर जठरातले आम्ल अन्ननलिकेत चढते आणि छातीत जळजळते.

चौथी, गुडघा दुखला की रिकाम्या पोटी मित्राकडची वेदनाशामक गोळी घेणे. अशा अनेक गोळ्या जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी व्यवस्था कमकुवत करतात आणि तिथे व्रण होऊ शकतो.

व्रणाबद्दल एक गैरसमजही आहे. 'फार टेन्शन घेतले की अल्सर होतो' असे मोठी माणसे म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवले की बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. म्हणजे ताणाने त्रास वाढू शकतो. पण प्रत्येक पोटदुखीचे खापर ताणावर फोडून चालणार नाही.

म्हणूनच शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. 'कामचोर' म्हणतील या भीतीने अनेक कॅडेट पोटदुखी लपवतात. बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी दुखी, ताप, थांबत नसलेली उलटी, शौचातून रक्त किंवा काळा मळ, विनाकारण घटणारे वजन, यांपैकी काहीही दिसले तर त्याच वेळी एमआय रूम गाठा. अपेंडिक्स फुटले तर जिवावर बेतू शकते.

पेपरच्या आधी पोटात कालवाकालव झाली, तर हळूहळू श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. त्याने शरीराचा 'स्टँड टू' उतरायला मदत होते. सीनियर्सना एवढीच विनंती, की पोट धरून बसलेल्या ज्युनियरला हसण्याआधी 'कुठे दुखतंय?' एवढे विचारा. आणि पालकांनो, फोनवर 'पेपर कसा गेला?'च्या आधी 'नीट जेवलास का?' असे विचारलेत, तर आमचे पोट तुमचे आभार मानेल.