बायो घेतलं, मॅथ्स सोडलं. पण दवाखान्यात गणित खरंच सुटतं का?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक चर्चा ठरलेली असते. पोरीला मेडिकल लाइनला जायचंय ना, मग मॅथ्स कशाला? पीसीबी घ्या, गणिताची कटकट संपली.

कागदावर हे बरोबर आहे. बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. जीएनएमला तर आर्ट्सची मुलंही जातात. बारावीच्या गणिताची अट कुठेच नाही. पण ॲडमिशन झाल्यावर सोडलेलं गणित पुन्हा समोर येऊन बसतं.

हे समजून घ्यायला अमेरिकेतला एक कोर्स बघू.

मेडिकल असिस्टंट म्हणजे कोण?

आपल्याकडे डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर असायचे, आठवतंय? पेशंटचा नंबर लावणं, वजन करणं, औषध देणं, हिशोब ठेवणं, सगळं एकच माणूस करायचा. अमेरिकेत अशा कामाचा रीतसर कोर्स आहे. बीपी घेणं, वजन-उंची नोंदवणं, डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन देणं, फाइल आणि विम्याची कागदपत्रं बघणं ही मेडिकल असिस्टंटची कामं. तिथं ७ लाखांहून जास्त लोक या नोकरीत आहेत.

कम्युनिटी कॉलेजमध्ये याचा साधारण वर्षभराचा सर्टिफिकेट कोर्स किंवा २ वर्षांची पदवी मिळते. १९५६ मध्ये स्थापन झालेली त्यांची राष्ट्रीय संघटना 'सीएमए' नावाची परीक्षा घेते. त्यात २०० प्रश्न असतात. त्याआधी दवाखान्यात किमान १६० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं.

या कोर्समध्ये गणित असतंच. अनेक कॉलेजांत तर औषधाच्या डोसचं गणित हा वेगळा विषय असतो. कॅल्क्युलस नाही, त्रिकोणमिती नाही. असतं ते दशांश अपूर्णांक, टक्केवारी, एकक बदलणं आणि आपलं शाळेतलं त्रैराशिक!

आता तुम्ही म्हणाल, एवढंच? हे तर सातवीचं गणित झालं.

हो, सातवीचंच. पण इथं चुकलं तर नुसता मार्क जात नाही.

एक उदाहरण करूनच बघा

अमेरिकेत वजन पौंडात मोजतात, पण औषधाचा डोस किलोवर ठरतो. समजा बाळाचं वजन २२ पौंड आहे. एका किलोत साधारण २.२ पौंड, म्हणजे बाळ १० किलोचं. डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल सांगितलं, तर डोस झाला १५० मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलंय, ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम. त्रैराशिक मांडलं की उत्तर येतं साधारण ४.७ मिलिलिटर.

आता घाईत कुणी पौंडाचा आकडाच किलो म्हणून धरला तर? २२ गुणिले १५, म्हणजे ३३० मिलिग्रॅम. बाळाला दुपटीहून जास्त औषध. गुणाकार बरोबर, एकक चुकलं.

दशांश चिन्हाचंही तसंच. ०.५ लिहायच्या ऐवजी नुसतं .५ लिहिलं आणि टिंब दिसलं नाही, तर ते ५ वाचलं जातं. ५.० लिहिलं तर ५० वाचलं जातं. दोन्ही वेळा डोस दहापट! म्हणूनच टिंबाच्या आधी शून्य लिहायचं आणि पूर्ण आकड्यानंतर 'टिंब शून्य' लिहायचं नाही, हा नियम तिथं शिकवतात.

आकडा न वाचल्याने काय होतं?

२००७ मध्ये हॉलिवूड अभिनेते डेनिस क्वेड यांची नवजात जुळी मुलं हॉस्पिटलमध्ये होती. शिरेतल्या नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात. बाळांसाठीच्या बाटलीत मिलिलिटरला १० युनिट असतात. त्यांना दिलं गेलं १०,००० युनिटवालं. म्हणजे हजारपट! दोन्ही बाटल्यांची लेबलं दिसायला मिळतीजुळती होती. सुदैवाने दोन्ही बाळं वाचली.

हा घोळ गुणाकाराचा नव्हता, बाटलीवरचा आकडा न तपासल्याचा होता. म्हणून डोसच्या तासाला पहिली सवय लावतात ती लेबलवरचा आकडा आणि एकक वाचायची. उत्तर आल्यावर 'एवढ्याशा बाळाला एवढं औषध कसं?' हा अंदाज घेणं, ही दुसरी.

हे गणित तुमच्या घरातही आहे

आपल्याकडे लहान मुलांचं पॅरासिटामॉल वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतं. ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतात, तर एखाद्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५. सिरप समजून ५ मिलिलिटर ड्रॉप्स पाजले तर डोस चौपट होतो. हाच गोंधळ टाळायला अमेरिकेतल्या कंपन्यांनी २०११ मध्ये बाळांचं आणि मोठ्या मुलांचं औषध एकाच तीव्रतेचं करायचं ठरवलं.

इन्सुलिनचंही तेच. आपल्याकडे ४० युनिटचं आणि १०० युनिटचं, अशी दोन्ही इन्सुलिन मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १०० वालं इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर आजोबांना २० नाही, ५० युनिट जातात. साखर धाडकन उतरते.

त्यामुळे घरी औषध देताना तीन गोष्टी बघा. डॉक्टरांना वजन सांगाल ते किलोत आणि ताजं सांगा. बाटली बदलली तर '५ मिलिलिटरमध्ये किती' हे पुन्हा वाचा आणि शंका आली तर डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारा. आणि स्वयंपाकघरातला चमचा नको, औषधासोबत आलेलं मापच वापरा.

आणि घरात कुणी नर्सिंगला किंवा पॅरामेडिकलला निघालं असेल, तर जुनी पुस्तकं रद्दीत द्यायच्या आधी सातवी-आठवीचं गणिताचं पुस्तक तेवढं बाजूला काढून ठेवा. कॉलेज सुरू व्हायच्या आधी दशांश, गुणोत्तर-प्रमाण आणि टक्केवारीची उदाहरणं रोज थोडी सोडवली, तरी पहिल्या वर्षाला डोसचं गणित आलं की घाम फुटणार नाही.