मुलांच्या हाती सुईदोरा

जुन्या लुगड्याधोतरांची गोधडी खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या शिवली जात आहे. सहासात वर्षांच्या मुलामुलींसही हे काम शिकविता येते. प्रथम बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई व तरटाचा तुकडा द्यावा. तरटाची वीण विरळ असल्याने टाका कोठे घ्यावयाचा ते मुलास दिसते. दोरा हातभरच असावा. लांब दोरा गुंततो व मूल कंटाळते.

धावदोरा सरळ येऊ लागला की मऊ सुती कापडाचे १२ सेंटीमीटरचे चौकोन कापून द्यावेत. प्रत्येक कडेस १ सेंटीमीटर शिवणीत जाऊन १० सेंटीमीटर उरते. असे नऊ चौकोन तीन-तीनच्या ओळींत जोडावेत. रंगांची निवड मुलांवरच सोपवावी. ती मोठ्यांच्या पसंतीस न उतरली तरी बिघडत नाही.

सुईवर लक्ष मात्र मोठ्यांनीच ठेवावयाचे. गोठ्यात वा कडब्याच्या गंजीजवळ शिवावयास बसू नये. गाईम्हशी चारा नीट न चावताच गिळतात. चाऱ्यातून गेलेली सुई जाळीदार पोटात अडकते. ते हृदयालगत असल्याने सुई हृदयात रुतून जनावर दगावू शकते. म्हणून सुया मोजून द्याव्यात व मोजूनच परत घ्याव्यात. एखादी हरवल्यास दोऱ्यास बांधलेले लोहचुंबक जमिनीवरून फिरवावे, आणि ती सापडेपर्यंत तेथील केरकचरा गोठ्याकडे जाऊ देऊ नये.